थोर परिचारिकांचे दोष कसे तपासावेत: परिचारिका दिनाचे भाषण लिहिणाऱ्यांसाठी

मे महिना जवळ आला की इंदूरच्या नर्सिंग महाविद्यालयांत भाषणांची, फलकांची आणि दीपप्रज्वलनाची तयारी सुरू होते. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस आणि तोच जागतिक परिचारिका दिन, त्यामुळे बहुतेक मजकूर त्यांच्याभोवती फिरतो. भाषण बहुधा हिंदीत होते, टिपणे मात्र घरच्या मराठीत निघतात. पूर्वी हे काम सोपे होते, कारण गेल्या वर्षीचे भाषण थोडे फिरवून वाचले तरी कोणी हरकत घेत नसे. आता पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी मोबाइलवर वाचून येते की नाइटिंगेल वर्णद्वेषी होत्या, साम्राज्याच्या समर्थक होत्या, रोगजंतू मानत नव्हत्या आणि मेरी सीकोल या जमैकाच्या कृष्णवर्णीय शुश्रूषिकेला त्यांनी डावलले. मग ती ट्यूटरना विचारते की आपण हा दिवा नक्की कोणाच्या नावाने लावतो आहोत. प्रश्न रास्त आहे, आणि ‘माणूस म्हटला की चुका आल्याच’ हे त्याचे उत्तर नव्हे, कारण ते वाक्य कोणत्याही माणसाच्या कोणत्याही चुकीवर बसते.

पुढे जी पद्धत सांगितली आहे, तिचा कणा एकच प्रश्न आहे: त्या व्यक्तीच्या दोषाची किंमत कोणाला मोजावी लागली? तिला स्वतःला, सहकाऱ्यांना, की खाटेवरच्या रुग्णाला? कवीचा तिरसटपणा वाचकाला सोसावा लागत नाही, परिचारिकेचा मात्र रुग्णापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून आपल्या व्यवसायाच्या इतिहासात हा प्रश्न पहिला यावा, असे माझे मत आहे. अर्थात तो विचारण्यापूर्वी दोष खरोखर घडला होता का, हे ठरवावे लागते, आणि बहुतेक भाषणे तिथेच घसरतात.

आरोप आधी नर्सेस नोट्ससारखा लिहावा

वॉर्डात सुरुवातीलाच शिकवले जाते की नोंदीत ‘रुग्ण त्रासदायक आहे’ असे लिहायचे नसते. ‘रात्री ११ वाजता रुग्णाने इंजेक्शन घेण्यास नकार दिला, सलाइनची सुई स्वतः काढली, ड्युटी डॉक्टरांना कळवले’ असे लिहायचे असते. ऐतिहासिक व्यक्तीवरचा आरोपही याच शिस्तीने कागदावर उतरवावा: कोणी, केव्हा, कोणाशी, काय केले, आणि ते आपल्याला कोणाच्या लेखनातून कळते.

‘नाइटिंगेल यांनी सीकोल यांना काळ्या म्हणून नाकारले’ हे वाक्य घेऊ. १८०५ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जन्मलेल्या सीकोल यांनी क्रिमियाच्या युद्धात परिचारिका म्हणून जाण्यासाठी १८५४ मध्ये लंडनमध्ये खटपट केली, तेव्हा नाइटिंगेल आपल्या ३८ जणींसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयाकडे निघून गेलेल्या होत्या. नकार मिळाला तो लंडनमध्ये मागे राहिलेल्यांकडून, आणि तो आपल्या वर्णामुळे मिळाला असावा अशी शंका सीकोल यांनी १८५७ च्या आत्मचरित्रात स्वतःच मांडली आहे. पुढे त्या स्वतःच्या हिमतीवर क्रिमियाला गेल्या, वाटेत स्कुटारीला नाइटिंगेल यांना भेटल्या, आणि त्या भेटीचे त्यांनी केलेले वर्णन सौजन्याचे आहे. इथपर्यंत आरोप टिकत नाही. मात्र १८७० मध्ये बहिणीचे यजमान सर हॅरी व्हर्नी यांना लिहिलेल्या खासगी पत्रात नाइटिंगेल यांनी सीकोल यांच्या बालाक्लाव्हाजवळच्या ‘ब्रिटिश हॉटेल’ला जवळजवळ बदनाम घराच्या पंक्तीला बसवले आणि तिथे अनेकांना दारूची सवय लागली असे सुचवले. त्याच पत्रात सीकोल सैनिकांशी फार मायेने वागत आणि त्यांनी काही भलेही केले, अशी कबुलीही आहे.

म्हणजे मूळचे एक वाक्य खोडून त्या जागी दोन लिहावी लागतात. सीकोल यांना नकार मिळाला, पण तो नाइटिंगेल यांनी दिल्याचा पुरावा नाही. आणि नाइटिंगेल यांनी त्यांच्याबद्दल पाठीमागे अनुदार लिहिले, हे सिद्ध आहे. पहिल्या वाक्याने टाळ्या मिळतात, दुसऱ्या दोनांनी मिळत नाहीत, पण भाषणात जावीत ती हीच दोन. सीकोल यांचे आत्मचरित्र आणि नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरचे १८५९ चे छोटे पुस्तक ही दोन्ही आता स्वामित्वहक्काच्या बाहेर असल्याने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ज्यांना इंग्रजी वाचन जड जाते, त्यांनी निदान संबंधित प्रकरण ट्यूटरबरोबर बसून वाचावे.

स्तुतीलाही तीच चाळणी लावावी

इंदूरकरांना याचे उदाहरण बाहेर शोधायला नको. सर जॉन माल्कम यांनी १८२३ च्या आपल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथात अहिल्यादेवींबद्दल लिहिताना, ही सारी स्तुती त्यांच्या आश्रितांच्या तोंडची तर नव्हे, अशी शंका घेतली, इतरांकडे चौकशी केली, आणि चौकशी वाढली तसा आदरही वाढला असे नमूद केले. माल्कम कंपनी सरकारचे अधिकारी होते आणि त्यांची नजर राज्यकर्त्याची होती, हे खरेच. पण पालखीपुढे हात जोडणाऱ्या आपल्या शहराला शंका आणि श्रद्धा एकत्र नांदू शकतात हे समजावून सांगायला याहून जवळचा दाखला नाही.

आता परिचारिका दिनाच्या फलकाकडे पाहू. त्यावरचा दिवा बहुधा अल्लाउद्दिनच्या गोष्टीतल्यासारखा असतो, आणि सभागृहात आपण समई किंवा पणती वापरतो. स्कुटारीत वापरात होता तो घडी घालता येणारा तुर्की कंदील, ज्याला तिकडे फानूस म्हणतात. ही चूक किरकोळ आहे आणि तिच्यावरून कोणाला टोकण्याची गरज नाही. शपथेचे मात्र तसे नाही. ‘नाइटिंगेल शपथ’ त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली. तिच्या मूळ मजकुरात डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे. परिचारिकेने डॉक्टरांपुढे मान तुकवावी असे नाइटिंगेल यांनी सांगितले, असा आरोप या शपथेच्या आधारे करणे म्हणजे दुसऱ्याच्या सहीचा कागद त्यांच्या नावावर चढवणे होय.

सर्वांत जास्त काळजी मृत्युदराच्या आकड्यांबाबत घ्यावी. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीच्या रुग्णालयात मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात होते आणि जूनपर्यंत ते शेकडा २ च्या आसपास आले, ही गोष्ट जवळपास प्रत्येक भाषणात येते आणि तिचे सारे श्रेय नाइटिंगेल यांना दिले जाते. पण त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये तिथे पोहोचल्या होत्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू कमी न होता वाढतच गेले, कारण इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती, पाणी दूषित होते आणि वॉर्डांत दाटी होती. स्वच्छ चादरी, नीट शिजवलेले अन्न, वेळेवर बदललेली मलमपट्टी यांनी रुग्णाचे हाल कमी झाले, परंतु पाण्यातून आणि मैल्यातून येणारे मरण थांबले नाही. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारचा स्वच्छता आयोग आला, त्याने गटारे धुऊन काढली, पाण्याचा पुरवठा सुधारला, हवा खेळती केली, आणि त्यानंतर आकडे झपाट्याने उतरले.

मग नाइटिंगेल यांचे श्रेय संपले का? मला तर ते इथेच सुरू झालेले दिसते. युद्धानंतर इंग्लंडला परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने मृत्यूंची महिनावार मांडणी केली, आणि तीत जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक दगावले, हे दाखवले. ज्या रुग्णालयाने त्यांना कीर्ती दिली, त्याच रुग्णालयाची ही मांडणी होती. त्या काळात वर्तमानपत्रे त्यांना देवदूत म्हणत होती. ‘झाकली मूठ’ तशीच ठेवली असती तर कोणी उघडायला लावली नसती. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्याच वॉर्डातील मृत्यूंचा हिशेब मांडणे किती अवघड असते, हे मृत्यू-आढावा बैठकीत बसलेल्या कोणत्याही सिस्टरना विचारावे.

किंमत कोणी मोजली, हे पाहावे

आरोप सिद्ध झाला की मग हा प्रश्न. डिसेंबर १८५४ मध्ये मेरी स्टॅन्ली यांच्याबरोबर परिचारिकांची दुसरी तुकडी स्कुटारीला आली, तेव्हा नाइटिंगेल संतापल्या. आपण मागणी केलेली नाही आणि ठेवायला जागाही नाही, असे सांगून त्यांनी त्यांना स्वीकारण्यास नकार दिला. आयरिश जोगिणींच्या (कॅथलिक नन्सच्या) प्रमुख मदर ब्रिजमन यांच्याशी अधिकारावरून झालेला त्यांचा तंटा तर १८५६ पर्यंत चालला. चरित्रांत या गोष्टी स्वभावदोषांच्या यादीत येतात. पण आलेल्या स्त्रियांना परत पाठवण्याची भाषा चालू होती, तेव्हा वॉर्ड ओसंडून वाहत होते, ही गोष्ट लक्षात घेतली की हा दोष केवळ स्वभावाचा राहत नाही. त्यांची बाजूही आहे: अननुभवी आणि पंथांवरून भांडणाऱ्या स्त्रिया लष्करी रुग्णालयात घुसल्या असत्या, तर डॉक्टरांनी सगळ्यांनाच हाकलले असते. मला त्यांचे हे म्हणणे अर्धे पटते. विद्यार्थिनीने आपले मत स्वतः बनवावे, मात्र ते बनवताना ओसंडलेला वॉर्ड नजरेआड करू नये.

परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांनी केलेला विरोध चरित्रांत सहसा एका ओळीत आटोपतो, वास्तविक तो अधिक गंभीर आहे. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड-फेन्विक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभी राहिली आणि तिने नोंदणीची मागणी लावून धरली. परीक्षेने ज्ञान मोजता येईल, चारित्र्य मोजता येणार नाही, या विचाराने नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला, आणि आज इंदूरमधून उत्तीर्ण होणाऱ्या मुलीला राज्याच्या परिषदेत नोंदणी केल्यावरच नोकरी मिळते. नोंदणी नसलेल्या काळात कोणीही स्वतःला नर्स म्हणवून घेई आणि त्याची झळ रुग्णाला बसे. हेतू शुद्ध असला तरी इथे त्या चुकल्या, असे भाषणात स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण युनिस रिव्हर्स यांचे आहे, आणि ते प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला माहीत असायला हवे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोग कसा वाढतो याचे निरीक्षण केले. तुलनेसाठी रोग नसलेले २०१ पुरुषही त्यात होते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते या रुग्णांना दिले गेले नाही. रिव्हर्स या स्वतः कृष्णवर्णीय परिचारिका दीर्घकाळ या अभ्यासाचा दुवा होत्या. त्या गाडीतून रुग्णांना तपासणीला नेत, घरोघरी जात, त्यांचे सुखदुःख ऐकत, आणि रुग्णांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. १९५८ मध्ये त्यांना सरकारी सन्मानही मिळाला. त्यांच्या स्वभावात दोष काढायला जागा नाही. किंमत मात्र पूर्णपणे रुग्णांनी, त्यांच्या बायकांनी आणि मुलांनी मोजली. मोठी जबाबदारी डॉक्टरांची आणि खात्याची आहे, आणि तीसच्या दशकातील अलाबामात एका कृष्णवर्णीय स्त्रीने त्यांना विरोध करणे किती कठीण होते, हेही मान्य करावे लागते. तरीही डॉक्टरांशी निष्ठा राखण्याचे जे वचन शपथेत इतके गोड वाटते, ते रुग्णाच्या हितावर चढले की काय होते, हे यातून दिसते. वर्गात मी या प्रकरणाला सीकोल-नाइटिंगेल वादापेक्षा जास्त वेळ देईन.

‘तो काळच तसा होता’ हे केव्हा म्हणावे

हे वाक्य पूर्ण टाळू नये आणि सरसकट वापरूही नये. त्याची कसोटी सोपी आहे: त्याच काळात, तीच माहिती हाताशी असलेले दुसरे कोणी वेगळे बोलत होते का? नाइटिंगेल बराच काळ दूषित हवेतून रोग होतात असे मानत होत्या आणि रोगजंतूंची कल्पना त्यांनी उशिरा स्वीकारली. १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी लंडनमध्ये पटकीचा संबंध पाण्याच्या पंपाशी जोडला होता, पण तेव्हा बहुतेक तज्ज्ञांना तो पटला नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवला तो १८८४ मध्ये. शिवाय गटारे, शुद्ध पाणी आणि खेळती हवा हे त्यांचे उपाय चुकीच्या कारणासाठी सुचवलेले असले तरी उपयोगी होते. इथे काळाची सबब चालते.

साम्राज्याच्या बाबतीत चित्र मिश्र आहे. त्या भारतात कधी आल्या नाहीत, तरी १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालापासून पुढे अनेक वर्षे भारतातील आरोग्याचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. दुष्काळानंतर १८७८ मध्ये लिहिलेल्या लेखाची सुरुवातच त्यांनी ‘आम्हाला भारतातील लोकांची पर्वा नाही’ अशा कबुलीने केली आणि शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल व सिंचनाबद्दल सरकारला धारेवर धरले. खेड्यांतील स्वच्छतेबाबत त्यांचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. मात्र इंग्रजी सत्ता सुधारावी असे त्यांचे म्हणणे होते, ती जावी असे नव्हे. आणि त्याच काळात त्या सत्तेमुळे देशाची संपत्ती बाहेर जाते, हे दादाभाई नवरोजी आकडे देऊन सांगत होते. म्हणून इथे काळाची सबब अर्धीच चालते.

आपल्या आवडत्या व्यक्तीला वेगळे माप लावण्याचा मोह या टप्प्यावर सर्वाधिक होतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय उलट दिशेनेही चालतो: नाइटिंगेल यांना खाली ओढण्यासाठी सीकोल यांना निष्कलंक करून टाकले जाते. सीकोल यांनी आपल्या पुस्तकात पटकीवर शिशाचा क्षार वापरल्याचे लिहिले आहे, जो आज आपण विष मानतो. त्या काळी डॉक्टरही तेच देत, म्हणून त्यांना दोष नाही. पण मग तीच सवलत दुसऱ्या बाजूलाही द्यावी लागते. मदर तेरेसा यांच्याबाबत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये लिहिले की कोलकात्याच्या आश्रमात मरणासन्न रुग्णांना प्रभावी वेदनाशामके मिळत नव्हती. तिथे किंमत थेट रुग्णाने मोजली आणि वेदनाशमनाचे ज्ञान त्या काळात उपलब्ध होते, म्हणून श्रद्धा बाजूला ठेवून ही टीका ऐकावी लागते.

मान कशाचा द्यायचा, ते वेगळे ठरवावे

व्यक्ती थोर की नाही, असा एकच निकाल देण्याची गरज नसते. पाठ्यपुस्तकातील प्रकरण, पुरस्काराचे नाव, पुतळा आणि शपथ हे मानाचे निरनिराळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला लागणारी पात्रता वेगळी आहे. प्रकरणासाठी कामाचे महत्त्व पुरते. शपथेसाठी मजकूर आजच्या परिचारिकेला तोंडाने म्हणता यायला हवा, तो कोणाच्या नावाने आहे हे दुय्यम ठरते.

मार्गारेट सँगर यांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९३५ मध्ये त्या वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, आणि १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघात धन्वंती रामा राव यांच्याबरोबर त्या अग्रभागी होत्या. त्याच सँगर यांनी सुप्रजननवादाची, म्हणजे ‘योग्य’ ठरवलेल्यांनाच मुले व्हावीत या विचाराची, बाजू घेतली आणि ‘अपात्र’ ठरवलेल्यांच्या नसबंदीचे समर्थन केले. आणीबाणीतली नसबंदी ज्यांना आठवते, त्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको. २०२० मध्ये न्यूयॉर्कमधील त्यांच्याच परंपरेतील संस्थेने मॅनहॅटन येथील दवाखान्यावरून त्यांचे नाव काढले, पण इतिहासातून त्यांना वगळले नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण दवाखान्याच्या दारावरचे नाव आत येणाऱ्या रुग्णासाठी असते.

भाषण लिहिताना दोष शेवटी ‘पण’ लावून चिकटवू नये. तो ज्या कामात आला, त्या कामाच्याच परिच्छेदात सांगावा. स्कुटारीचा हिवाळा मृत्युदराबरोबर यावा, नोंदणीचा विरोध १८६० च्या सेंट थॉमस रुग्णालयातील प्रशिक्षणशाळेबरोबर यावा. वेळ कमी असेल तर व्यक्ती कमी कराव्यात. चार जणींचा उल्लेख करण्यापेक्षा एकीचे काम नीट मांडलेले बरे.

अनेक जणींना आपल्या रुग्णालयातील जुन्या मेट्रनबद्दलही बोलायचे असते, आणि तो मोह चांगलाच आहे. मात्र तिथे पद्धत अधिक कडक असावी. ज्यांचे कुटुंबीय कदाचित समोरच्या खुर्चीत बसलेले असतील, त्यांच्याविषयी ड्युटीरूममध्ये ऐकलेली गोष्ट, चांगली असो वा वाईट, नोंद किंवा प्रत्यक्ष साक्षीदार असल्याशिवाय व्यासपीठावर आणू नये. आणि जुन्या कागदांत रुग्णाला इजा झाल्याची खरोखरच नोंद सापडली, तर ती भाषणासाठी वापरू नये. कागदाची प्रत घेऊन, सापडल्याची तारीख लिहून, ती नर्सिंग अधीक्षकांच्या स्वाधीन करावी.